माळवदावरच्या गाठोड्यातले फासे आणि गंजलेला चाप: ग्राइंडर लावायच्या आधी एवढं वाचा

तुम्ही लिहिलंय की जिंतूरकडचं जुनं माळवदाचं घर उतरवताना आजोबांच्या खोलीत वरच्या फळीवर एक गाठोडं निघालं. त्यात बांबूच्या चाळीसेक काड्या, प्रत्येकीला काळ्या केसांचा फास, एक गंजलेला लोखंडी चाप, आणि वरून कापड ताणलेला एक बुटका मोडका पिंजरा. आजोबा गावचे पोलीस पाटील होते. प्रश्न तीन: हे किती जुनं असेल, गंज कसा काढायचा, आणि फासांचे केस तुटलेत तर त्या जागी नायलॉन लावलं तर चालेल का. आणि शेवटी हळूच एक ओळ टाकलीय की शेजाऱ्याकडून ग्राइंडर आणून ठेवलाय. ती ओळ वाचली आणि हातातला चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो बघा.

मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवायचो, आता रिटायर आहे, लातूरला राहतो. वीस-बावीस वर्षं झाली जुनी अवजारं, कुलपं, अडकित्ते आणि शिकारीची साधनं गोळा करायलोय. त्यात पक्षी धरायची साधनं सगळ्यात कमी मिळतात, कारण ती लोखंडाची कमी आणि बांबू, केस, सुताचीच जास्त असतात, आणि असल्या वस्तू कुणी जपून ठेवत नाही, चुलीत जातात. त्यामुळं तुमचं गाठोडं अख्खं एका जागी सापडलंय हीच मोठी गोष्ट आहे.

तुम्ही गंजावर अडकलात, पण माझ्या मते गंज नंतरचा विषय आहे. आधी ओळख पटवायची, कारण ही वस्तू काय होती याचा पुरावा त्याच मळात, त्याच गंजात, त्याच दोऱ्याच्या तुकड्यात असतो जो आपण साफ करून टाकतो. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही, स्वतः माती खाल्लीय. पहिल्यांदा मला उदगीरकडं भंगारात फाशांची एक जुडी मिळाली होती, मी हौसेनं ती निरम्याच्या पाण्यात टाकली, ब्रशनं घासली, दोरीवर वाळत घातली. दिसायला लई छान झाली. मग ओळखीतल्या एका म्हाताऱ्या पारधी बाबांना दाखवली तर त्यांनी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "धुतलं व्हय?" बस, एवढंच. नंतर कळलं की केसाची चकाकी उन्हात दिसू नये म्हणून त्याला माती आणि धूर लावलेला होता, गाठी सुटू नयेत म्हणून काहीतरी चोपडलेलं होतं, ते सगळं मी मोरीत सोडलं. शिवाय वाळल्यावर निम्म्या गाठी सैल झाल्या त्या झाल्याच. ती जुडी अजून माझ्याकडं आहे, पण तिला आता फक्त काड्या आणि केस म्हणता येतं.

आता तुमच्या फोटोंवरून सांगतो. काड्यांचं काम सरळ आहे, हे फासे आहेत. फासे पारधी हे नावच त्यावरून पडलं. एकेक काडी जमिनीत रोवायची, काड्या एका लांब दोरीला ओवलेल्या असतात, म्हणजे ज्वारीच्या धसकटात नाहीतर बांधाच्या कडेला फाशांची एक लांब ओळ तयार होते. आपला राखी तितर उडण्यापेक्षा पळणं पसंत करतो, अगदी अंगावर गेल्याशिवाय उडत नाही, म्हणून त्याला हळूहळू हाकत ओळीकडं न्यायचं, काही जण बैलाच्या आडून जायचे, तितर काड्यांच्या मधून निघायला जातो आणि मान नाहीतर पाय अडकतो. दुसरी पद्धत म्हणजे पाळलेला बोलका तितर मधे ठेवायचा आणि भोवती फासे लावायचे, तो ओरडला की त्या भागातला दुसरा नर भांडायला येतो. तुमच्या गाठोड्यात पिंजरा पण आहे म्हणून मला दुसरी पद्धत जास्त जुळती वाटते, पण हे फोटोवरून आहे, शपथ घेऊन सांगत नाही.

पिंजऱ्याबद्दल एक गंमत. तुम्हाला वाटलं की वरचं छत मोडलं असेल म्हणून कुणीतरी कापड लावलं. तसं नाही. तितर आणि लावा घाबरले की सरळ वर उसळी मारतात, वर कडक कामट्या असल्या तर डोकं फुटतं, म्हणून छत मुद्दाम मऊ कापडाचं आणि पिंजरा बुटका करतात. ते कापड मूळचंच आहे, काढून फेकू नका. एवढं बघा की पिंजऱ्याला शेजारी दुसरा कप्पा किंवा वरून पडणारं दार असल्याची खूण आहे का, म्हणजे कामटीला घासलेली खाच, दोरी ओवायचं भोक असं काही. असेल तर तो पकडायचा पिंजरा, नसेल तर नुसता ठेवायचा. बाजारात या दोन्हीत कुणी फरक करत नाही. त्याहून वाईट म्हणजे एकानं मला कोंबड्या झाकायचं डालगं "निजामकालीन पक्षीजाळं" म्हणून विकायला आणलं होतं! आत कोंबडीचं पीस चिकटलेलं तसंच होतं. मासे धरायचा बांबूचा सापळा पण असाच खपवतात, तो ओळखायचा तर तोंडाशी हात घालून बघा, आतल्या बाजूला वळलेल्या टोकदार काड्यांचा गळा असेल तर तो माशांचा.

आता चाप, आणि इथंच मला तुमच्या ग्राइंडरची भीती वाटली. गावाकडं चाप म्हटलं की निम्म्या वेळा तो उंदराचा नाहीतर घुशीचा असतो. जबड्याला दात असतील, जबडे आखूड आणि जाड असतील तर पक्ष्याचा म्हणून कुणी सांगितलं तरी माझा विश्वास बसत नाही, कारण इथं पक्षी बहुतेक जिवंत धरायचा असायचा, विकायला किंवा बोलका करायला, आणि दाताच्या चापात लाव्याचं काय उरणार. तुमच्या चापाचे जबडे मात्र बारीक सळईचे, अर्धगोल, बिनदाती आणि बरेच रुंद दिसतायत. अशा चापात दोन अर्धवर्तुळांना जाळं विणलेलं असतं, मधे दाणा किंवा किडा लावायची खुंटी, पक्ष्यानं चोच मारली की कमान, म्हणजे स्प्रिंग, सुटते आणि जाळ्याची दोन पानं पुस्तकासारखी मिटतात. पक्षी आत, जिवंत. आता तुमचा तिसरा फोटो मोठा करून बघा, डाव्या जबड्याच्या आतल्या बाजूला बिजागरीपासून बोटभर अंतरावर गंजात रुतलेला एक दोऱ्याचा तुकडा दिसतोय. तो मला दिसतोय तसा खरंच दोरा असेल तर तुमचा चाप जाळ्याचा आहे हे सांगणारा तो एकमेव साक्षीदार आहे, आणि वायर ब्रश एकदा फिरला की तो गेला. तसंच सळईवर ठरावीक अंतरावर पुसट पट्टे दिसतात का बघा, जिथं दोरा गुंडाळलेला असतो तिथं गंज वेगळा चढतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजीकडं असतं तसलं, आणि दिवसाच्या उजेडात तिरपं धरून बघा.

कारखान्यातला की लोहाराचा, हे ओळखायला पाटी, म्हणजे चापाची तळाची पट्टी, आणि कमान बघायची. विलायती चापावर बहुतेकदा नाव ठोकलेलं असतं. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळचं वेन्सफील्ड हे गाव चापांसाठी प्रसिद्ध होतं, लेन, साइडबॉटम ही तिथली नावं जुन्या मालावर सापडतात. तिकडं शिकारी पक्ष्यांसाठी खांबावर बसवायचा एक लहान चाप असायचा, ससाणा उंच खांबावर बसतो म्हणून, तो इतका क्रूर होता की 1904 मध्ये कायदा करून बंद केला, त्यामुळं तिकडच्या संग्राहकांत त्याला मागणी आहे. आपल्याकडं असला माल निघालाच तर जालना, हिंगोली, औरंगाबाद या बाजूला निघू शकतो, कारण तिथं हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या फौजेच्या, छावण्या होत्या, साहेब लोक होते. पण तुमच्या चापावर मला हातोड्याचे घाव दिसतायत, दोन जबडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि रिव्हेट हातानं ठोकलेली आहे. हा लोहारानं केलेला आहे, आणि मला विचाराल तर तो नाववाल्या विलायती चापापेक्षा जास्त मोलाचा, पण ही माझी आवड झाली, बाजाराचं गणित वेगळं असतं.

किती जुनं, याला सरळ उत्तर नाही. लोहार आणि पारधी दोघांची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली, त्यामुळं घडणीवरून साल काढता येत नाही. उलट्या बाजूनं काढावं लागतं, म्हणजे यात असं काय आहे जे अमुक काळाआधी असूच शकत नाही. फास नायलॉनचे असतील तर विषय संपला, नायलॉन जगात बाजारात आलं तेच 1938-39 ला, आपल्या खेड्यात त्याच्याही बऱ्याच नंतर. वेल्डिंगचा टाका दिसला, फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला, तर तेवढा भाग तरी अलीकडचा. फासाचा केस खरा आहे का बघायला तुटून गाठोड्यात पडलेला एखादा सुटा तुकडा घ्या, अख्ख्या फासाला हात लावू नका, चिमट्यात धरून काडी लावा. जळक्या केसाचा वास आला आणि राख बोटानं चुरगळली तर खरा केस, बहुधा घोड्याच्या शेपटीचा, वितळून कडक मणी झाला तर नायलॉन. आणि सगळ्यात मोठा पुरावा तुमच्या घरात आहे, तो म्हणजे आजोबा पोलीस पाटील कोणत्या साली होते आणि ती खोली कधी बंद झाली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून तारीख टाकून लिहून ठेवा, हे काम गंजापेक्षा अर्जंट आहे.

पोलीस पाटलावरून आठवलं. हे गाठोडं आजोबांचा शौक असेल असं तुम्ही धरून चाललात, पण दुसरी शक्यता पण डोक्यात ठेवा. ब्रिटिशांनी 1871 ला काही जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो रद्द झाला 1952 ला, पण पारध्यांवरचा संशय काही कागदाबरोबर गेला नाही. आमच्याकडचे म्हातारे सांगायचे की गावाबाहेर पालं पडली की आधी पाटलाला वर्दी जायची, आणि कुठं काही खुट्ट झालं की यांचं सामान जप्त. म्हणजे हे फासे जप्तीतले असू शकतात, गहाण ठेवलेले असू शकतात, किंवा ज्वारीवर भोरड्या पक्ष्यांचे थवे उतरतात म्हणून राखणीला ठेवलेल्या माणसानं मागं सोडलेले असू शकतात. मला माहीत नाही, तुम्हालाही आज माहीत नाही, म्हणून लेबलवर "आजोबांची शिकारीची हत्यारं" असं लिहून मोकळे होऊ नका. जमलं तर त्या भागातल्या एखाद्या जाणत्या पारधी माणसाला मानानं घरी बोलवा, चहापाणी करा आणि दाखवा. प्रत्येक भागाला त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते लिहून घ्या, त्यांची बोली गुजरातीच्या जवळची आहे, ऐकल्याबरोबर समजत नाही, रेकॉर्डिंग केलं तर विचारून करा.

तर इथपर्यंत एवढं झालं की काड्या म्हणजे तितराचे फासे, पिंजरा बहुधा बोलक्या तितराचा, चाप लोहारी आणि बहुधा जाळ्याचा, वय घरच्या माहितीवरून काढायचं. आता साफसफाई.

चापाला ग्राइंडर नाही, वायर व्हील नाही, संडास साफ करायचं ऍसिड तर अजिबात नाही. ऍसिडनं गंज जातो, खोटं नाही, पण चांगलं लोखंड पण खातं, आणि कमानीसारख्या कडक पोलादात हायड्रोजन शिरून कमान ठिसूळ होते, मग एक दिवस हातात असताना तडकते. जाम झालेली खीळ सुटावी म्हणून गॅसची टॉर्च लावतात तोही प्रकार नको, पोलाद तीनशे डिग्रीच्या आसपास निळं पडतं, त्याच्या पुढं गेलं की कमानीचं पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, उतरलं म्हणून समजा, आणि एकदा उतरलेलं पाणी परत द्यायचं तर ती मूळची कमान राहिली कुठं. विद्यार्थ्यांना मी हेच सांगायचो आणि तरी दर बॅचला एकजण कमान लाल करायचाच.

मग करायचं काय. आधी चाप मिटलेलाच ठेवा, उघडून बघायचा मोह आवरा, जुनी कमान कधी सुटेल सांगता येत नाही आणि बोट तुमचं आहे. दोऱ्याच्या तुकड्याभोवती दोन इंचाचा भाग सोडून द्या, तिथं काहीच लावायचं नाही. बाकी ठिकाणी जुन्या टूथब्रशनं कोरडी माती झाडा, आणि झाडलेली माती पण एका पुडीत ठेवा, हसू नका, मी ठेवतो. मग गंज कोणता ते बघा. भगवा, पिठासारखा, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो, तो वाढत राहतो. काळपट-तपकिरी, घट्ट, गुळगुळीत थर असेल तर तो बसलेला आहे, तो काढायचा नाही, तीच त्या लोखंडाची कातडी आहे. भगव्या जागी थेंबभर मशीन ऑइल, वरून शून्य-शून्य नंबरची बारीक स्टील वूल, हलक्या हातानं, आणि दर मिनिटाला फडक्यानं पुसून बघायचं. बिजागरीत ऑइल आणि रॉकेल निम्मंनिम्मं करून सुईनं एक थेंब सोडा, दोन दिवस थांबा, परत एक थेंब. आठ दिवस लागले तरी लागू द्या.

इलेक्ट्रोलिसिसबद्दल तुम्ही व्हिडिओ पाहिला असेल, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जरवाला. कुदळ, पहार, कुलपाचा सांगाडा अशा वस्तूला मी तो करतो आणि झक्कास होतो, फक्त दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी तयार होतं, साधा लोखंडी पत्रा लावा. पण तुमच्या चापाला नको. एक तर दोरा, दुसरं कमान, आणि तिसरं म्हणजे त्यातून वस्तू करडी नागडी बाहेर येते, सगळं वय धुऊन.

भगवा गंज निघाल्यावर ती जागा उघडी पडते, तिला मी हिरड्याचं पाणी लावतो. मूठभर हिरडा कुटून लिटरभर पाण्यात उकळायचा, निम्मं झालं की गाळून गार करायचं आणि ब्रशनं पातळ हात द्यायचा. हिरड्यातलं टॅनिन गंजाशी मिळून काळा थर धरतं, जुनी शाई याच तत्त्वावर व्हायची. कडकडीत वाळू द्या, दुसऱ्या दिवशी परत एक हात, आणि शेवटी मेण. मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये गरम पाण्याच्या भांड्यावर पातळ करायचं, गॅसच्या आचेवर थेट नाही, टर्पेंटाइन भडकतं. आमच्याकडं घरोघरी करडईचं तेल असतं म्हणून लोक तेच चोपडतात, चार महिन्यांनी चिकट पिवळा थर बसतो आणि त्यावर धूळ. जवसाचं तेल लाकडाला चांगलं, पण ते पुसलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, सुटी पसरून वाळवा.

फासे आणि पिंजऱ्याला पाणी लावायचंच नाही. मऊ ब्रशनं धूळ झाडायची, बस. खरा शत्रू कीड आहे. बांबूच्या काडीखाली पांढरा कागद पसरून आठ दिवस ठेवा, ताजं पीठ पडलं तर भुंगा आत जिवंत आहे. केसाला कसरीसारखे किडे खातात. दोन्हीला एकच उपाय करतो, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे, उणे अठराच्या आसपास. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार वस्तूवर दव धरतं. घरातून शिव्या खाव्या लागतील, मी आईस्क्रीमवाल्या मित्राचा फ्रीजर वापरतो.

तुटलेल्या फासांना नायलॉन नको. घोड्याचा केस पण नको. तुटलाय तर तुटलेला राहू दे, तुकडे एका पाकिटात ठेवून काडीचा नंबर लिहा. लोकांना दाखवायला एखादा पूर्ण फास हवाच असेल तर वेगळा नमुना करा, माळेगावच्या यात्रेत घोडेवाल्यांकडं शेपटीचे केस मागितले तर मिळून जातात, मात्र त्याची गाठ सरकती ठेवू नका, पक्की मारा, आणि काडीवर करायची तारीख टाका. कारण कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत फासात, सापळ्यात धरणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं पण येतं, म्हणून शेतात लावून "चालतंय का बघू" हा प्रकार गमतीतही नको. गाठोड्यात पेंढा भरलेला तितर, कातडं असलं काही निघालं तर विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, वन विभागाला विचारा.

तुम्ही लिहिलंय की इन्स्टाग्रामवर एकजण परदेशातून चांगले पैसे देतो म्हणतोय, फक्त चापाचे. दोन गोष्टी. वस्तू शंभर वर्षांच्या वरची ठरली तर पुरावशेष कायद्यानं ती तुम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि वय तर अजून ठरलेलंच नाही. दुसरं म्हणजे चाप गेला की उरलेलं गाठोडं काड्यांचा भारा होतो, एकत्र आहे तोवरच त्याला अर्थ आहे. ठेवायचं नसेल तर अख्खं एखाद्या संग्रहालयाला द्यायचा विचार करा, घरच्या माहितीच्या कागदासकट.

मला अजून तीन फोटो पाठवा: जबड्यावरच्या त्या दोऱ्याचा जवळून, कमान पाटीला जिथं बसते तिथला, आणि दहा-बारा काड्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या टोकांचा, चाकूनं तासल्यात की करवतीनं कापल्यात ते बघायचंय. बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. आणि तो ग्राइंडर आजच्या आज शेजाऱ्याला परत करून या.